शिवेवरून वाचलेल्या कादंबऱ्या

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा घरच्या कपाटात अकरा कोऱ्या डायऱ्या निघाल्या. दर जानेवारीत मिळायच्या आणि वापरायच्या राहून जायच्या. त्यांतली सगळ्यांत जाड काढली आणि त्याच रात्री वाचून संपवलेल्या कादंबरीबद्दल मनात आलं ते लिहून ठेवलं. छापलेली तारीख खोडायची, खाली पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, वाचायला किती दिवस लागले ते, मग मजकूर. पुढे सवयच लागली. या पुस्तकातल्या नोंदी त्या डायऱ्यांमधून निवडल्या आहेत. भाषा थोडी नीटनेटकी केली, तेच तेच पुन्हा आलं होतं ते काढलं. मतं मात्र कुठेही मवाळ केलेली नाहीत.

मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. ३८ वर्षं हिशेब तपासले. पण प्रत्येक कादंबरीला मी एक प्रश्न विचारते आणि या नोंदी त्या प्रश्नाभोवतीच फिरतात. या माणसाचं पोट कशावर चालतं, आणि लेखकाला ते नीट ठाऊक आहे का? हा प्रश्न घरातून आला. वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. संप कधी मिटला हे आमच्या घरात कुणालाच सांगता येणार नाही, कारण वडिलांपुरता तो मिटलाच नाही. दुपारी जेवून ते खाटेवर बसायचे, नजर समोरच्या भिंतीवर, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं आपसूक हलत राहायची. तुटलेल्या धाग्याला गाठ मारतानाची ती हालचाल. साचा नाही, धागा नाही, गाठ मात्र मारली जातेय. काम माणसाच्या अंगात किती खोल जातं हे मी तिथे पाहिलं. कादंबरी वाचताना मी ती बोटं शोधत असते. सापडली की लेखकाच्या बाकीच्या चुका मी सोडून देते. नाही सापडली तर कितीही सुंदर वाक्यं असोत, मन लागत नाही.

राहते शीवला. बसचा वाहक सायन म्हणतो, रिक्षावाला सायन म्हणतो, आमची पोरंही तेच म्हणतात. मी शीवच म्हणते, कारण त्या शब्दाला अर्थ आहे. शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट इथे संपायचं. खाडीपलीकडे साष्टी, तिथे पोर्तुगीजांचा अंमल. त्या हद्दीवर नजर ठेवायला इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला, १६६९ ते १६७७ या काळात. आज तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं फिरायला जातात आणि कॉलेजची मुलंमुली पडक्या भिंतींच्या आडोशाला बसतात. मीही पुस्तक घेऊन जाते. पूर्वी लग्नाचं वऱ्हाड गावच्या शिवेवर थांबायचं, वधूकडचे सामोरे जायचे, नवरदेवाची पूजा व्हायची आणि मग त्याला आत आणायचं. सीमांतपूजन हा शब्द त्यातूनच आला. नवं पुस्तक हाती आलं की मला तेच वाटतं. पाहुणा शिवेवर आलाय, आधी त्याला नीट पाहावं, पाणी द्यावं, कुठून आलात विचारावं. आणि गेल्या काही वर्षांत जे पाहुणे मला मनापासून आवडले, ते बहुतेक शिवेपलीकडचे आहेत. तुळजापूर, पन्हाळा, सावंतवाडी, बुलडाणा.

१ ऑगस्ट २०२४ ला शीव स्टेशनालगतचा १९१२ सालचा पूल वाहनांसाठी बंद झाला, आणि जाण्यायेण्याला वळसा पडू लागला. त्या वळशांत, बसच्या खिडकीशी बसून, मी देविदास सौदागर यांची 'उसवण' वाचली. तिला त्याच वर्षी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाला होता. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. तयार कपड्यांची दुकानं आली आणि शिंप्याचं काम गेलं, एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट मशीनवर बसलेल्या माणसाने सांगितली आहे, मशीनकडे बघत उभ्या राहिलेल्या माणसाने नाही, आणि तो फरक पानापानावर कळतो. आमच्या गल्लीत एका इमारतीच्या जिन्याखाली एक शिंपी बसतात. वीस वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी त्यांच्याकडे कपडे टाकायचे तर महिनाभर आधी टाकावे लागत. आता नवं कापड कुणी आणत नाही. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, ब्लाउज सैल करणं, एवढंच येतं. त्यांना मी पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं. नाव वाचून ते म्हणाले, "ताई, शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. टीप सांभाळून काढावी लागते. घाई केली की कापड जातं." मी घरी येऊन कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. ती सावकाश का चालते ते तेव्हा कळलं. माझी तक्रार एकच. नायकाच्या मनात काय चाललंय हे लेखक काही ठिकाणी समजावून सांगतो. तिथे नुसतं मशीन थांबलेलं दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला मला नऊ दिवस लागले, आणि ती जेमतेम जाडीची आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव नव्या जागी आलेलं आहे. एक म्हैस मागे राहिली आहे, जुन्या मुलखात, आणि माणूस तिला आणायला परत जातो. दाव्यातून सुटलेलं जनावर रानात राहून राहून रानाचंच झालेलं आहे. विस्थापितांवर मराठीत आधीही मोठी कादंबरी आली आहे. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा अकादमी पुरस्कार मिळाला होता, आणि ती मी बँकेतल्या मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून वाचली होती. भूसंपादन, मोबदला, फायली, दलाल, हे सगळं यंत्र तिने आतून उघडून दाखवलं. खोत त्या यंत्राकडे वळतच नाहीत. त्यांचा माणूस आणि जनावर समोरासमोर येतात, आणि कोण कुणाला ओळखतं एवढाच प्रश्न उरतो. भाषा पन्हाळ्याकडची, आखूड वाक्यांची. मनातल्या मनात वाचली तर अडते. मी मोठ्याने वाचू लागले तेव्हा ती सुटली. आमच्या खालच्या मजल्यावर त्याच भागातल्या एक वहिनी राहतात, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मुंबईत आलेल्या. दोन संध्याकाळी त्यांना काही पानं वाचून दाखवली. त्या मधे काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "म्हशीचं बरोबर लिवलंय." या कादंबरीवर मी लिहिलेली सहा पानांची नोंद पुढे आहे, पण त्या वहिनींचं वाक्य तिच्याहून खरं आहे असं मला वाटतं.

रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' तशी जुनी, २००५ ची. या यादीत ती मुद्दाम घेतली. साक्षरता मोहीम कागदावर कशी पूर्ण होते ते तिथले गुरुजी दाखवतात, आणि ज्याने आयुष्यात कधी सरकारी तक्ता भरला असेल त्याला ते पटतंच. प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'मध्ये (अकादमी पुरस्कार २०२२) कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेतलेला आहे. खरं बोलायची चोरी झाली की माणूस बाहुल्यांच्या तोंडून बोलतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटली. मात्र तिची गुंतागुंत मला दोनदा वाचूनही पूर्ण उलगडली नाही, आणि ते मी तसंच लिहून ठेवलं आहे.

नंदा खरे यांची 'उद्या' मला टोचली. कारण सांगते. आमच्या शाखेत 'केवायसी'चं काम माझ्याकडे होतं. माणसं रांगेत उभी राहायची, आधारची झेरॉक्स, फोटो, सही, नाहीतर अंगठा. कष्टाने घासून गेलेले अंगठे यंत्रावर उमटायचे नाहीत. मग मी त्या बाईचं बोट धरून पुन्हा पुन्हा दाबायची. कागद पुरे झाले की फाईल बंद. ही सगळी माहिती जाते कुठे, ती कुणाच्या हाती पडली तर काय होईल, हा विचार नोकरीत असेपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. २०१४ मध्ये आलेल्या या कादंबरीने तो मला निवृत्तीनंतर करायला लावला. माणसांवर चालणारी पाळत, सत्तेएवढ्या मोठ्या झालेल्या कंपन्या, मुलींची घटलेली संख्या. खरे स्थापत्य अभियंता होते, आणि पुढचा काळ त्यांनी पुलाचा भार काढावा तसा काढला आहे. त्यांची माणसं मला पुरती दिसत नाहीत, ती विचारांमागे जातात. तरी ही कादंबरी मी चार जणांना वाचायला दिली. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला तेव्हा खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ मध्ये ते गेले.

कविता महाजन यांची 'भिन्न' मी फार उशिरा वाचली, आणि अशा जागी वाचली की ती जागा आणि पुस्तक आता मला वेगळी करता येत नाहीत. भाऊ लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आमच्या भाषेत शीव हॉस्पिटलात, अकरा दिवस होता. रात्री मी बाहेरच्या बाकावर बसायची. खाली चटया अंथरून नातेवाईक झोपलेले, उशाला पिशव्या, पिशवीत रिपोर्ट. कुणाचं नाव पुकारलं की झोपलेल्यांपैकी एक जण उठून पळायचा. 'भिन्न' एचआयव्हीने ग्रासलेल्या माणसांची कादंबरी आहे, विशेषतः ज्यांना नवऱ्याकडून तो आजार आला त्या बायकांची. शेजारी बसलेल्या एका आजीने विचारलं, "देवाचं आहे का?" मी म्हटलं, नाही, आजारी माणसांचं आहे. त्या म्हणाल्या, "मग वाच मोठ्यानं." मी वाचलं नाही. त्यातलं एकेक पान तिथे मोठ्याने वाचण्यासारखं नव्हतं, आणि माझ्यात तेवढं धैर्यही नव्हतं. पण तेव्हापासून मला वाटतं, त्या बाकावर वाचता येतं का, हीसुद्धा कादंबरीची कसोटी आहे. 'भिन्न' तिला उतरली. महाजनांनी माहिती पुष्कळ गोळा केली होती, आणि काही प्रकरणांत ती माहिती गोष्टीच्या वर तरंगते. तरीही त्या बाकावर माझ्या हातून ती खाली ठेवली गेली नाही. २०१८ मध्ये कविताताई गेल्या. अजून खूप लिहायचं होतं त्यांना.

माझा प्रश्न एका पुस्तकाने निरुत्तर केला, तेही सांगायला हवं. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू', २००६ ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे भाड्याने राहायला आलेला एक तरुण, त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. इथे पोट कशावर चालतं याला फारसं महत्त्वच नाही. तो भाडेकरू नेमका काय करतो ते कुणालाच धड कळत नाही, आणि तेच दोघांचं दुखणं आहे. पहिल्या वाचनात मी नोंद लिहिली होती, 'उपाशी नसलेल्या माणसांची गोष्ट'. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद भाचीने आणून दिला, तो चाळला आणि मूळ पुस्तकाकडे पुन्हा वळले. ती नोंद खोडली. घरातल्या प्रत्येक खोलीचं, जिन्याचं, दाराच्या कडीचं त्या मुलाला जे भान आहे, ते माझ्या वडिलांच्या बोटांसारखंच आहे. त्याचं काम वाट पाहणं हे होतं. दोन्ही नोंदी पुस्तकात ठेवल्या आहेत, खोडलेलीसुद्धा.

रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत'बद्दल थोडक्यात लिहिलं आहे. एका कुळाचा सुमारे सातशे वर्षांचा प्रवास सांगणारं पुस्तक थोडक्यात आटोपणं बरं नव्हे, पण मला त्यातल्या जुन्या काळातल्या बायका आठवतात, पुरुष एकमेकांत मिसळून जातात. हे माझ्या वाचनाचं न्यून असेल.

जिथे मला सर्वांत जास्त आशा होती तिथे मात्र मी खट्टू झाले. गिरणगावाची कादंबरी. विश्वास पाटील यांची 'लस्ट फॉर लालबाग' मी वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात वाचायला घेतली. संप, जमिनी, टोळ्या, मॉल, टॉवर, सगळं तिच्यात आहे. पाटील यांचा अभ्यास मोठा आहे आणि वाचकाला ओढून नेण्याची ताकदही. पण मी पान उलटत गेले आणि खाटेवर बसलेला माणूस मला भेटला नाही. घडामोडींचा वेग इतका की कुणाला नुसतं बसायला सवडच नाही. ती बोटं मला सापडली जयंत पवार यांच्याकडे, १९९७ च्या 'अधांतर' नाटकात, आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधल्या कथांत, ज्यांना २०१२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. पवार २०२१ मध्ये गेले. त्यांनी गिरणगावाची कादंबरी लिहायला हवी होती असं म्हणणं अन्यायाचं आहे; त्यांनी जे दिलं ते पुष्कळ आहे. पण गिरण्या गेल्या, त्याला इतकी वर्षं झाली, आणि वडिलांना वाचून दाखवावी अशी कादंबरी मला अजून सापडलेली नाही.

यातूनच मला या पुस्तकाचं मुख्य म्हणणं सापडलं. मराठी कादंबरी गेल्या वीसेक वर्षांत ज्या जागी खरी जिवंत झाली त्या जागा मुंबईबाहेरच्या आहेत. शिंपी आहे, म्हैसवाला आहे, गुरुजी आहे. मुंबईत मात्र माणसं नुसती राहतात, फिरतात, आठवतात. कामाला जाताना दिसतात, काम करताना दिसत नाहीत. पूर्वी असं नव्हतं. जयवंत दळवींनी १९६३ मध्ये 'चक्र' लिहून झोपडीत पाऊल ठेवलं. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'तली पोरं नाक्यावर उभी केली आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या. अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मध्ये मंत्रालयापासून रस्त्यापर्यंत शहर एका दमात धरलं. आमच्या शेजारी, माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागुलांनी तर 'जेव्हा मी जात चोरली होती'च्या कथांनी मराठी गद्याची कातडीच सोलली. तेही १९६३ सालीच. रुळापलीकडे पाच-सात मिनिटं चालत गेलं की तो कॅम्प लागतो. एवढा वारसा इतक्या जवळ असताना आज आमच्या प्रतीक्षानगरवर, कोळीवाड्यावर, अँटॉप हिलवर कादंबरी का नाही, हे मला सलतं.

सामग्रीची कमी आहे असं कुणी म्हणू नये. प्रतीक्षानगरला म्हाडाची संक्रमण शिबिरं आहेत. गिरगाव-लालबागच्या मोडकळीला आलेल्या चाळींमधली माणसं तिथे 'थोड्या दिवसांसाठी' आली. थोड्या दिवसांत मुलांची लग्नं झाली, आईवडील गेले, नातवंडं शाळेत जाऊ लागली. अजूनही पत्ता विचारला तर काही जण आधी जुन्या चाळीचं नाव सांगतात. "ट्रान्झिटला आहोत," असं म्हणतात, प्रवासात असल्यासारखं. पात्र-अपात्र यादी, चावीवाटप, भाड्याचा चेक, सोसायटीची सभा, 'साहेब उद्या भेटतील'. या शब्दांत जन्म जातो. घराची वाट पाहणं हे त्यांचं काम झालेलं आहे, आणि ते काम त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. मी एका बाईंना ओळखते. त्या रोज सकाळी टिपॉयवरची कागदपत्रांची पिशवी उघडून सगळे कागद क्रमाने लावतात आणि पुन्हा बंद करतात. गेली चौदा वर्षं. माझ्या वडिलांची बोटं आणि त्या बाईंची पिशवी एकाच कादंबरीतली आहेत, पण ती कादंबरी लिहिलेली नाही.

या नोंदी क्रमाने वाचायची गरज नाही. ज्या कादंबऱ्या तुम्ही वाचल्या असतील त्यांवरच्या आधी वाचा आणि माझ्याशी भांडा. ज्या वाचल्या नसतील त्यांवरच्या नोंदी मात्र तूर्त वाचू नका. आधी पुस्तक मिळवा. दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात विचारा, वाचनालयात नाव नोंदवा, कुणाकडून मागून आणा. सुरुवात 'रिंगाण'पासून करा, आणि मोठ्याने वाचा.

आणि तुमच्यापैकी कुणी ट्रान्झिटच्या खोलीत बसून, वहीत, मोबाईलवर, जमेल तसं काही लिहीत असाल, तर ते थांबवू नका. शुद्धलेखनाची काळजी करू नका, छापून कोण देईल याचीही नको. पिशवीतले कागद कुठल्या क्रमाने लागतात तेवढं अचूक लिहा. वाचायला मी आहे. डायऱ्या अजून सहा कोऱ्या आहेत.

शीव, मुंबई २२